पिंजऱ्यातल्या माथ्याचं मोल

तालमीतला एखादा पोरगा कुस्ती सोडून एमएमएकडे, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढतींकडे वळला की वाद कसा रंगणार हे आधीच ठाऊक असतं. जुने वस्ताद म्हणतात, खाली पडलेल्याच्या तोंडावर ठोसे मारायचे, याला खेळ कसं म्हणायचं? कुस्तीत चितपट केलं की हात देऊन समोरच्याला उठवतात, इथं पडल्यावरच खरा मार सुरू होतो. मोबाईलवर यूएफसी या अमेरिकी कंपनीच्या लढती बघत वाढलेली पोरं उलट विचारतात, कुस्तीनं आमच्या बापाला काय दिलं? गुडघे गेले आणि जत्रेत फेटा-नारळ मिळाला. इथं निदान डॉलर तरी आहेत. दोघंही तळमळीनं बोलतात, आणि दोघांनाही मुख्य गोष्ट दिसत नाही असं माझं ठाम मत आहे. एकाची नजर रक्तावर, दुसऱ्याची विजेत्याच्या सोन्याच्या पट्ट्यावर. मधे एक कागद असतो, तो कुणीच वाचत नाही. व्यावसायिक फायटरची कारकीर्द कशी जाणार हे बहुतेक तो कागदच ठरवतो. संस्कृतीचा आणि मर्दानगीचा प्रश्न मागाहून बघू. आधी हा मजुरीचा प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे.

असा एक कागद गेल्या वर्षी माझ्या हातात आला. कामगारांच्या खटल्यांत माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे ओळखीतली माणसं असले कागद घेऊन येतात. पोरगा बावीस वर्षांचा, दोन्ही कान कुस्तीनं मुडपून गाठीसारखे झालेले. लढती भरवणाऱ्या एका कंपनीचा इंग्रजी करार त्याच्या मोबाईलवर होता. अंगठा सरकवत तो थेट रकमेच्या पानावर गेला. "काका, एवढे मिळणार." मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. करार चालू असेपर्यंत दुसरीकडे कुठंही लढायचं नाही. लढत झाली तरच पैसे, जिंकला तर दुप्पट. हरला तर कंपनी करार मोडू शकते, त्याला मात्र मोडता येत नाही. दुखापतीनं जेवढे महिने घरी बसेल तेवढे महिने कराराची मुदत पुढं जाणार. सरावात गुडघा गेला तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं, याबद्दल एक ओळ नाही. सगळं समजावून सांगितल्यावर त्यानं एकच विचारलं, "पासपोर्टचं काम ते करून देतील ना?"

छोट्या कंपनीचा करार म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण यूएफसी या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीतल्या सगळ्यात ताकदवान माणसाची गोष्ट बघा. फ्रान्सिस एन्गानूचा जन्म 1986 चा, कॅमेरूनमधल्या बातिये गावचा. दहा-बारा वर्षांच्या वयात तो वाळूच्या खाणीत फावडं मारत होता. 2012 मध्ये घर सोडून वाळवंटातून मोरोक्को गाठलं, तिथून समुद्रमार्गे स्पेनला पोहोचायचे अनेक प्रयत्न फसले, शेवटी पोहोचला तेव्हा महिना-दोन महिने अटकेत ठेवलं गेलं. पॅरिसमध्ये त्यानं गाड्यांच्या तळात झोपून दिवस काढले आणि बॉक्सिंग शिकायला म्हणून जिम शोधली. 2015 च्या डिसेंबरमध्ये तो यूएफसीत आला आणि मार्च 2021 मध्ये स्टिपे मिओचिचला दुसऱ्या फेरीत आडवं करून जगाचा हेवीवेट विजेता झाला. इथवरची गोष्ट सगळ्यांना आवडते, व्हिडिओंना संगीत लावून ती सांगितली जाते. पुढची मात्र फारशी कुणी सांगत नाही.

22 जानेवारी 2022 ला अ‍ॅनाहाइममध्ये तो सिरिल गानविरुद्ध पट्टा राखायला उतरला, तेव्हा त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध दुखावलेले होते. पाय साथ देत नसल्यामुळे ठोशांचा हा राजा त्या रात्री चक्क कुस्ती लढला, गानला खाली घेत राहिला आणि पाच फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. जाहीर झालेलं त्याचं मानधन होतं 6 लाख डॉलर. पण जिंकूनही तो सुटला नाही. त्याच्या करारात, यूएफसीच्या बहुतेक करारांत असतं तसं, विजेत्याचं कलम होतं: पट्टा तुमच्याकडे असेपर्यंत करार आपोआप वाढत जातो. म्हणजे जिंकाल तेवढे अडकाल. गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून, न लढता, न कमावता त्यानं कराराची शेवटची मुदत संपण्याची वाट पाहिली. वाटाघाटीत त्यानं मागितलं काय, हे त्यानं नंतर स्वतः सांगितलं: सगळ्या फायटरांसाठी आरोग्य विमा, स्वतःचे प्रायोजक आणण्याची मुभा, आणि कंपनीच्या बैठकीत फायटरांच्या बाजूनं बोलणारा एक माणूस. जानेवारी 2023 मध्ये कंपनीनं त्याला मोकळं केलं आणि पट्टा काढून घेतला. पट्टा जिंकल्यापासून त्याला कुणी हरवलेलं नव्हतं, तरी विजेता मात्र दुसराच कुणीतरी होणार होता.

हे शक्य झालं, कारण पट्टा कंपनीच्या मालकीचा. मानांकन कंपनीच्या छत्राखाली, समोर कुणाला उभं करायचं हे कंपनी ठरवणार, प्रक्षेपणाचे हक्क कंपनीचे. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको; बाजारही त्याचा आणि वजनकाटाही त्याचाच, अशा व्यापाऱ्याकडे माल घेऊन जाणं म्हणजे काय ते त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बॉक्सिंग काही धुतल्या तांदळासारखं नाही, तिथल्या पट्टे देणाऱ्या संघटनांची कीर्ती सगळ्यांना माहीत आहे. तरी अमेरिकेत 2000 साली मुहम्मद अलीच्या नावानं कायदा झाला आणि आयोजकाला लढतीतून किती मिळणार याचे आकडे बॉक्सरपुढे ठेवणं त्याला भाग पडलं. हा कायदा एमएमएला लागू नाही. तो लागू करण्याचं विधेयक मार्कवेन मलिन या माजी फायटरनं अमेरिकी संसदेत आणलं, ते पडून राहिलं. 2025 मध्ये उलट्या दिशेचं विधेयक आलं, बॉक्सिंगमध्येही पट्टा आणि मानांकन एकाच संस्थेच्या हाती राहू देणारं.

कंपनीची बाजू लंगडी आहे असं मी म्हणणार नाही. 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये यूएफसीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा वजनगट नव्हते, नियम नावापुरते होते. सिनेटर जॉन मॅकेननं त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं, राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली, केबलवाल्यांनी प्रक्षेपण बंद केलं, धंदा बुडायला आला. 2001 मध्ये तो अवघ्या 20 लाख डॉलरना विकला गेला. ज्यांनी घेतला त्यांनी वर्षानुवर्षं तोटा सोसला, नियमांच्या चौकटीत लढती बसवल्या, राज्याराज्यांत परवानगी मिळवली, आणि 2016 मध्ये तोच धंदा सुमारे 4 अब्ज डॉलरना विकला. ज्यानं जोखीम घेतली त्याला फळ मिळालंच पाहिजे. पण जोखीम फक्त भांडवलानं घेतली का? 20 लाखांचे 4 अब्ज होत असताना पिंजऱ्यात ज्यांची नाकं मोडली, त्यांच्या वाट्याला किती आलं? यूएफसीविरुद्ध 2014 मध्ये दाखल झालेल्या मक्तेदारीच्या खटल्यात हिशेबाचे कागद उघडले, तेव्हा फायटरांचा वाटा उत्पन्नाच्या सुमारे एक पंचमांशाच्या आसपास असल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळाडूंना जवळपास निम्मं मिळतं, कारण तिथं संघटना आहेत. हा वाद जोखमीच्या फळाचा असता तर पंचवीस वर्षांत कधीतरी मिटला असता. ऑगस्ट 2025 मध्ये याच कंपनीनं सात वर्षांच्या प्रक्षेपणासाठी 7.7 अब्ज डॉलरचा करार केला. आता कोणती जोखीम उरली आहे?

वस्तादांचा आक्षेप याहून जड आहे. डोक्याला वारंवार बसणाऱ्या मारानं मेंदू झिजतो. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरनं बॉक्सरांबद्दल हे 1928 मध्येच लिहून ठेवलं. 2016 मध्ये गाडीच्या धडकेत मरण पावलेल्या जॉर्डन पार्सन्स या तरुण फायटरच्या मेंदूत अशा झिजेचा आजार मरणोत्तर तपासणीत सापडला. 2015 च्या डिसेंबरमध्ये यांग जियानबिंग हा एकवीस वर्षांचा चिनी फायटर मनिलात लढतीआधी वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवता उतरवता गेला, पिंजऱ्यात पाऊल टाकण्याआधीच. यातलं काहीही मी नाकारत नाही. कितीही चांगला करार केला तरी ठोसा मऊ होणार नाही, हेही मान्य. पोटच्या पोराला या धंद्यात घालू का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन.

पण मग बंदी घालायची? नॉर्वेनं 1981 मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली. सेसिलिया ब्रेकहुस ही त्यांची जगज्जेती वर्षानुवर्षं परदेशात लढली आणि तिला मायदेशात लढायला 2016 उजाडलं. न्यूयॉर्क राज्यानं 1997 ते 2016 व्यावसायिक एमएमए बंद ठेवलं; त्या काळात तिथं हौशी लढती चालूच होत्या, आणि त्यांच्यावर सरकारी देखरेख नव्हती. आपण हे वेगळ्या रूपात अनुभवलं आहे. 2005 मध्ये महाराष्ट्रानं डान्सबार बंद केले, अब्रू राखल्याचं समाधान मिळालं, आणि हजारो बायका रातोरात रोजगाराविना रस्त्यावर आल्या. त्यांचं पुढं काय झालं हे बंदीच्या बाजूनं टाळ्या वाजवणाऱ्यांनी किती विचारलं? 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी रद्द ठरवली तोवर आठ वर्षं गेली होती. नैतिक संतापाला काम करणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

मुख्य म्हणजे मेंदूचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न वेगळे नाहीत. यूएफसीत नव्यानं येणाऱ्याचा करार बराच काळ 'बारा आणि बारा' म्हणून ओळखला जायचा: उतरल्याचे 12 हजार डॉलर, जिंकल्याचे आणखी 12 हजार. त्यातून प्रशिक्षक, मॅनेजर, जिम, प्रवास आणि कर जाणार, आणि वर्षाकाठी लढती दोन-तीन. आता लढतीच्या तीन आठवडे आधी सरावात डोक्याला जबर मार बसला, डोळ्यांपुढे दोन दिवस अंधारी येते आहे, तर हा माणूस डॉक्टरला सांगेल? सांगितलं तर लढत रद्द, आणि रद्द म्हणजे चार महिन्यांच्या कष्टाचा एक पैसाही नाही. समजा उतरला. दुसऱ्या फेरीअखेर कोपऱ्यात स्टुलावर बसलाय, भुवई फाटलेली, नजर ठरत नाही. वर्षानुवर्षं त्याला घडवणारा प्रशिक्षक हातात टॉवेल घेऊन उभा आहे. तो टॉवेल फेकला, म्हणजे हार मानली, तर पोराची निम्मी कमाई त्याच्यासोबत जमिनीवर पडते, आणि कदाचित करारही. टॉवेल फेकायला त्याचा हात का धजावत नाही, याचं उत्तर फक्त लढाऊ वृत्तीत शोधू नका. जिंकण्या-हरण्यावर निम्मी मजुरी टांगायची ही पद्धत माणसाला शुद्धीच्या पलीकडे लढायला लावते. ऐन वेळी कुणी माघार घेतली की आठ दिवसांच्या निरोपावर दुसरा कुणी दहा किलो वजन उतरवून हजर होतो, तो याच गरजेपोटी. गिरणगावात सकाळी गेटपाशी उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराची आठवण यावी अशी ही हजेरी आहे. बोलावणं आलं तर रोजी, नाही आलं तर तसंच घरी.

2011 पासून यूएफसीनं सरावातल्या दुखापतींसाठीही अपघात विमा दिला आहे, ही चांगली गोष्ट आहे आणि ती नोंदवलीच पाहिजे. पण कारकीर्द संपल्यावर पंधरा वर्षांनी ज्याचा हात थरथरायला लागतो, त्याचं काय? वर उल्लेख केलेल्या खटल्यात 33.5 कोटी डॉलरची पहिली तडजोड न्यायाधीश रिचर्ड बुलवेअर यांनी जुलै 2024 मध्ये फेटाळली. मग 37.5 कोटींची तडजोड झाली, ती फेब्रुवारी 2025 मध्ये कायम झाली. ती मंजूर व्हावी म्हणून अनेक माजी फायटरांनी न्यायालयाला स्वतःची हलाखी लिहून कळवली होती, की आम्हाला आत्ता पैशांची गरज आहे, खटला लांबवू नका. ज्यांच्या नावानं एकेकाळी स्टेडियम दुमदुमायचं ती ही माणसं. आणि एवढं होऊनही त्या तडजोडीनं करारातलं एक कलमही बदललं नाही.

"त्यांनी स्वखुशीनं सही केली, कुणी बळजबरी केली नव्हती." हा युक्तिवाद मी तीस वर्षं ऐकतोय, फक्त माणसं बदलतात. ऊसतोड मजूरही मुकादमाची उचल स्वखुशीनंच घेतो. तमाशातला कलावंत हंगामाआधी स्वखुशीनंच अंगठा उठवायचा. इंग्लंडच्या फुटबॉलपटूंना आठवड्याला 20 पौंडांपेक्षा जास्त देता येणार नाही असा नियम 1961 पर्यंत होता, तोही सगळ्यांना मान्यच होता म्हणे. खेळाडूंनी संपाची धमकी दिली तेव्हा तो मोडला. नियम गेला तर क्लब बुडतील असं तेव्हा सांगितलं जात होतं. क्लब बुडाले का? 1977 मध्ये केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन टीव्ही मालकानं स्वतःच्या सामन्यांसाठी क्रिकेटपटूंना पैसे मोजले तेव्हा त्यांना भाडोत्री ठरवणाऱ्यांमध्ये आपलीही माणसं होती. आज त्या क्रिकेटपटूंना कुणी दोष देत नाही.

कुस्तीवाल्यांनीही जरा स्वतःच्या अंगणात बघावं. राजर्षी शाहूंनी पैलवानांना आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं. तो आश्रय संपल्यावर त्याच्या जागी काय आलं? खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला वर्गणी गोळा करावी लागली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणलं. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 साली, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. रितू फोगाटनं 2019 मध्ये कुस्ती सोडून एमएमएची वाट धरली तेव्हा ज्यांना हळहळ वाटली, त्यांनी ही यादीही डोळ्यांपुढे ठेवावी. मुंबईत तयार झालेला भरत खंडारे नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला सोंग यादोंगविरुद्ध यूएफसीत उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. यूएफसीच्या त्या अष्टकोनी पिंजऱ्यातली त्याची ती एकच लढत. एवढ्या एका रात्रीसाठी माणूस किती वर्षं झिजतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा: फायटर नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, त्यांना पीएफ आणि विमा कसा देणार? याचं उत्तर महाराष्ट्राकडे आहे, आणि ते आपल्याच लक्षात नाही याचं मला वाईट वाटतं. बाजारात डोक्यावर पोती वाहणाऱ्यांनाही हेच सांगितलं जायचं. आज या गाळ्यावर, उद्या त्या धक्क्यावर, तुमचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांनी या विखुरलेल्या माणसांना एकत्र केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. कामगार मंडळाकडे नोंदला जातो, माल उतरवून घेणारा व्यापारीही नोंदला जातो, मजुरी आणि तिच्यावर व्यापाऱ्यानं भरायची जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, मंडळात जमा होते, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक बदलत राहिला तरी माणसाचं संरक्षण त्याच्यासोबत चालतं. या मंडळांत आज कितीतरी दोष शिरले आहेत, बोगस नोंदी आहेत, दादागिरी आहे, हे मला जवळून ठाऊक आहे. तरी मूळ कल्पना पक्की आहे. माथ्यावर ओझं घेणाऱ्यासाठी जे करता आलं, ते माथ्यावर ठोसे घेणाऱ्यासाठी का करता येऊ नये? लढत भरवणाऱ्याकडून तिकिटांवर आणि प्रक्षेपणावर लेव्ही घ्या, करार फायटरच्या भाषेत सक्तीचा करा, डॉक्टरनं लढत थांबवली किंवा आदल्या दिवशी रद्द केली तरी ठरलेली रक्कम द्या, कराराची मुदत दुखापतीनं वाढवू नका. अमेरिकेतल्या राज्यांसारखं कायद्यानं नेमलेलं नियमन मंडळ आपल्याकडे नाही, म्हणजे बिघडलेलं दुरुस्त करत बसायची गरज नाही. कोरी पाटी आहे.

एन्गानूचं शेवटी भलंच झालं की, असं म्हणणारे भेटतात. झालं. 28 ऑक्टोबर 2023 ला रियाधमध्ये बॉक्सिंगच्या लढतीत त्यानं हेवीवेट जगज्जेत्या टायसन फ्युरीला तिसऱ्या फेरीत खाली पाडलं, लढत थोडक्यात हरला, आणि यूएफसीच्या सगळ्या कारकिर्दीत मिळाले नव्हते तेवढे पैसे त्या एका रात्रीत कमावले. पण त्यासाठी माणूस जगज्जेता लागतो, वर्षभर बिनकमाईचं बसण्याइतकी पुंजी लागते, आणि वाळूच्या खाणीतून आलेला असल्यामुळे पुन्हा रिकाम्या हातानं राहण्याची भीती न उरलेली असावी लागते. हजारांत असा एखादाच निघतो. कामाच्या अटी त्याच्यावर बेतता येत नाहीत.

मे 2023 मध्ये त्यानं पीएफएल या दुसऱ्या कंपनीशी करार केला, तेव्हा एक अट घातल्याचं जाहीर झालं. त्याच्यासमोर जो कुणी उभा राहील, त्याला किमान 20 लाख डॉलर मिळाले पाहिजेत. स्वतःच्या करारात त्यानं समोरच्याची मजुरी लिहून घेतली.

हे मी त्या बावीस वर्षांच्या पोराला सांगितलं. चहा निवून गेला होता. त्यानं थोडा वेळ मोबाईलकडे बघितलं, मग पहिल्या पानापासून अंगठा सरकवत शेवटपर्यंत गेला, पुन्हा मागं आला. "काका," तो म्हणाला, "माझ्यासमोरच्याला किती देणार, ते यात कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं.